मुक्कामी गाडीचा हिशोब

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला की आमच्या गावातली माणसं पारापाशी येऊन उभी राहायची. कुणाचा मुलगा तालुक्याच्या कॉलेजातून परतत असायचा, कुणी बाजाराला गेलेलं असायचं, कुणाची औषधं कंडक्टरच्या हाती यायची. गाडी वळवून मारुतीच्या देवळासमोर लागायची आणि तिथेच रात्रभर थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टरसाठी आळीपाळीने कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण जायचं. ती दोघं कधी शाळेच्या पडवीत, कधी गाडीतल्याच लांब सीटवर झोपायची. सकाळी सहाला दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, शाळेची पोरं आणि सरकारी दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं घेऊन गाडी परत निघायची.

हिला मुक्कामी गाडी म्हणतात. रात्री गावातच गाडी राहिली म्हणजे पहाटे आगारातून रिकामी गाडी पाठवावी लागत नाही आणि गावाला सकाळची पहिली फेरी मिळते. कल्पना साधी आहे. प्रश्न मात्र मला पुष्कळ वर्षांनी पडला. त्या गाडीत कित्येकदा शेवटच्या थांब्यापर्यंत चार-पाच माणसंच उरायची. मग ती परवडत कशी होती? तिचा डिझेलचा खर्च कोण भरत होतं? याचं उत्तर एसटीच्या पंचाहत्तरहून अधिक वर्षांच्या इतिहासात आहे, आणि ते कळलं की आज गावोगावच्या फेऱ्या का कमी होत आहेत तेही कळतं. म्हणून हा लेख.

आधी काय होतं

स्वातंत्र्यापूर्वी मुंबई इलाख्यात रस्त्यावरची प्रवासी वाहतूक खासगी मोटारमालकांच्या हातात होती. एखाद्याकडे एक गाडी, एखाद्याकडे पाच. गाडी भरली की सुटणार, भरली नाही तर तासभर उभी राहणार. चांगल्या रस्त्यावर, मोठ्या बाजारपेठांच्या मधे चढाओढ असायची आणि आडवळणाच्या गावाकडे कुणी फिरकायचं नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची शिस्त आणली, पण परवाना म्हणजे गाडी चालवायची मुभा. न परवडणाऱ्या गावाला गाडी न्याच, असं परवानाधारकाला सांगता येत नव्हतं.

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्याने ही वाहतूक स्वतःच्या हातात घ्यायचं ठरवलं. १ जून १९४८ रोजी नगरच्या माळीवाड्यातून पुण्याकडे पहिली सरकारी गाडी निघाली. बेडफर्डची, तीस आसनांची, लाकडी सांगाड्याची, काथ्या भरलेल्या सीटची. रंग निळा आणि चंदेरी. लाल रंग नंतरचा. आज एसटी म्हटल्यावर लालच डोळ्यांसमोर येतो, पण सुरुवातीची बारा-एक वर्षं ती निळी होती.

त्या काळी एकाच कंपनीच्या गाड्या मिळणं शक्य नव्हतं. बेडफर्ड, शेव्हरोले, फोर्डसन, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, फियाट अशा अनेक बनावटींच्या गाड्या ताफ्यात होत्या. प्रत्येकीचा सुटा भाग वेगळा, प्रत्येकीची खोड वेगळी. त्यामुळे मेकॅनिकला एका अर्थाने सात-आठ प्रकारची यंत्रं शिकावी लागत. एसटीच्या कार्यशाळांना जे कसब आलं त्याचं मूळ या अडचणीत आहे असं मला वाटतं. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळचं हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा झाल्या. तिथे कंपनीकडून नुसती चासी यायची, म्हणजे इंजिन, चाकं आणि सांगाडा, आणि वरची सगळी बॉडी एसटीचे कामगार बांधायचे. १९५६ च्या सुमारास लाकडी बॉडीच्या जागी पोलादी बॉडी आणि गादीची सीट आली, १९६० नंतर ॲल्युमिनियमची बॉडी आली आणि त्याच सुमारास रंग बदलून लाल झाला.

त्या पहिल्या दशकातली एक गोष्ट मला फार आवडते. मॉरिस कमर्शियलच्या चासीवर दोन आरामगाड्या बांधल्या होत्या, त्यांची नावं ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’. पुणे-महाबळेश्वर मार्गावर त्या धावायच्या. दोन-दोनची आसनव्यवस्था, खिडक्यांना पडदे, आत घड्याळ. ज्या संस्थेकडे धड सुटे भाग मिळत नव्हते तिने घाट चढणाऱ्या गाडीला ‘गिरिआरोहिणी’ असं नाव द्यावं, यात केवढी हौस आहे!

सरकारी की धंदेवाईक? दोन्ही

एसटी म्हणजे सरकारी खातं, असा सगळ्यांचा समज असतो. सुरुवातीची थोडी वर्षं तसंच होतं. पण १९५० मध्ये संसदेने मार्ग परिवहन महामंडळ कायदा केला आणि त्याखाली मुंबई राज्याचं महामंडळ उभं राहिलं. महामंडळ म्हणजे सरकारने भांडवल घातलेली, पण कायद्याने स्वतंत्र असलेली संस्था. तिचा जमाखर्च वेगळा, कर्मचारी वेगळे, नफा-तोटा वेगळा. एसटीचा वाहक हा सरकारी कर्मचारी नसतो, महामंडळाचा कर्मचारी असतो. हा फरक पुढे २०२१ च्या संपात केंद्रस्थानी आला.

या कायद्यातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचली तर एसटीच्या सगळ्या दुखण्यांचा उगम दिसतो. कलम १८ सांगतं की महामंडळाने राज्यात कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि एकमेकींशी नीट जोडलेली प्रवासी सेवा द्यायची. ‘पुरेशी’ या शब्दात आमच्या गावची मुक्कामी गाडी येते. आणि कलम २२ सांगतं की महामंडळाने आपला कारभार व्यवसायाच्या तत्त्वावर चालवायचा. म्हणजे तोट्यातल्या गावालाही गाडी न्या आणि तोटाही करू नका.

हे दोन्ही एकाच वेळी साधायचा एकच मार्ग होता. नफ्याच्या मार्गांवर एसटीला मक्तेदारी द्यायची, आणि तिथली शिल्लक तोट्याच्या मार्गांवर खर्च करायची. पुणे-मुंबई, पुणे-कोल्हापूर, नाशिक-मुंबई अशा भरून धावणाऱ्या गाड्यांनी डोंगरातल्या मुक्कामी गाडीचं डिझेल भरायचं. १९५६ मध्ये मोटार वाहन कायद्यात राज्यांच्या परिवहन संस्थांसाठी वेगळं प्रकरणच घातलं गेलं आणि टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत थांबत, थांब्याथांब्यावर तिकीट देत करायची वाहतूक, मार्गामार्गाने एसटीकडे राखीव झाली. ‘गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी’ हे वाक्य त्या व्यवस्थेच्या जोरावर म्हणता आलं. भिंतीवर रंगवलेल्या या घोषणेमागे एक पक्का आर्थिक करार होता.

महाराष्ट्राचा नकाशा जुळत गेला तशी एसटीही जुळत गेली. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तिथे निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्येच २७ गाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांवर बससेवा सुरू केली होती, म्हणजे आपल्या एसटीच्या सोळा वर्षं आधी. विदर्भात मध्य प्रांताची वेगळी परिवहन सेवा होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर हे सगळं मुंबईच्या महामंडळात आलं, आणि १९६० मध्ये गुजरात वेगळा झाल्यावर त्याचा हिस्सा तिकडे गेला. उरलं ते आपलं महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ. आज त्याचे ३१ विभाग आणि सुमारे २५० आगारं आहेत.

टप्पा आणि भारमान

आता हिशोबाकडे येऊ. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. तुम्ही दोन किलोमीटरवर उतरलात तरी एका टप्प्याचे पैसे पडतात. साध्या गाडीचा एका टप्प्याचा दर जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीत ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैसे झाला.

दुसरा शब्द भारमान. आगारात सगळ्यात जास्त उच्चारला जाणारा हा शब्द बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. गाडीने जितकी आसनं जितके किलोमीटर वाहिली, त्यातली किती खरोखर भरलेली होती, याचं शेकडा प्रमाण म्हणजे भारमान. एक उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, पद्धत खरी आहे.

समजा तालुक्याच्या स्टँडवरून ४८ किलोमीटरवरच्या गावी मुक्कामी गाडी निघाली. आसनं ४४. निघताना गाडीत २० माणसं. बारा किलोमीटरवरच्या मोठ्या गावात त्यातली १० उतरली. चोवीस किलोमीटरवर आणखी ५ उतरली. शेवटपर्यंत ५ गेली. गाडीने वाहिली ४४ गुणिले ४८, म्हणजे २,११२ आसन-किलोमीटर. माणसं बसली ती ४८० किलोमीटर (१० जण १२, ५ जण २४, ५ जण ४८). भारमान आलं जेमतेम २३ टक्के. स्टँडवर जवळजवळ निम्मी भरलेली दिसणारी गाडी कागदावर तीन चतुर्थांश रिकामी असते, ती अशी.

उत्पन्न किती? दोन टप्प्यांचे १० जण, चार टप्प्यांचे ५ जण, आठ टप्प्यांचे ५ जण. सगळी पूर्ण तिकिटं धरली तरी ८०४ रुपये. किलोमीटरमागे पावणेसतरा. आता गाडीचा ॲव्हरेज लिटरला साडेचार किलोमीटर आणि डिझेल नव्वद रुपये धरलं तर नुसतं डिझेलच किलोमीटरमागे वीस रुपये होतं. चालक-वाहकाचा पगार, टायर, सुटे भाग, आगाराचा खर्च अजून धरलेलाच नाही. शिवाय एसटीच्या भाड्यावर राज्याचा १७.५ टक्के प्रवासी कर आहे. म्हणजे त्या मुक्कामी गाडीच्या तिकिटातूनही सरकारी तिजोरीत काही जातं.

हे गणित पाहिल्यावर एखादा म्हणेल, बंद करा मग. इथेच माझं म्हणणं वेगळं आहे. भारमान फेरीचं मोजलं जातं, माणसाचं मोजलं जात नाही. मुक्कामी गाडीने संध्याकाळी घरी परतता येतं, म्हणून तो मुलगा सकाळी कॉलेजला जातो. ती परतीची गाडी बंद झाली तर सकाळची भरलेली गाडीही रिकामी होऊ लागते, कारण परत यायची खात्री नसेल तर माणूस जातच नाही, किंवा मोटारसायकल घेतो. मग सकाळच्या फेरीचं भारमान घसरतं आणि तीही बंद करायच्या यादीत येते. एकेक फेरी वेगळी काढून तपासली तर प्रत्येक वेळी निर्णय बरोबर वाटतो आणि शेवटी पूर्ण मार्ग बंद पडलेला असतो. फेऱ्या एकमेकींना धरून असतात, हे भारमानाच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

गावातल्या गाडीची रूपं

मुक्कामी गाडी हे एसटीच्या स्थानिक सेवेचं एक रूप. बाकीचीही सांगायला हवीत, कारण लांब पल्ल्याच्या गाड्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात आणि ही कामकरी मंडळी मागे राहतात.

दोन जवळच्या गावांमधे दिवसभर ये-जा करणारी ती शटल. आठवडी बाजाराच्या दिवशीच धावणारी बाजारफेरी. शाळेच्या वेळेला बांधलेली शाळेची फेरी, जिच्यात कंडक्टरला पन्नास पोरांचे पास ओळखीने पाठ असतात. शाळकरी मुलांना पासमध्ये सुमारे दोन तृतीयांश सवलत आहे, आणि बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली पास मोफत आहे. त्याच्या जोडीला मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्या आल्या. मानव विकास निर्देशांकात मागे असलेल्या १२५ तालुक्यांमध्ये, मुख्यतः मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी. आठवीनंतर मुलीची शाळा सुटायचं एक मोठं कारण हायस्कूल दुसऱ्या गावात असणं हे होतं. मधलं सात-आठ किलोमीटरचं अंतर एक निळी गाडी मिटवते. या गाड्या शाळेच्या वेळेला ज्या दिवशी येत नाहीत त्या दिवशी किती वर्ग अर्धे रिकामे राहतात, हे ग्रामीण भागातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारून पाहा.

शहरांतही एसटीची गाडी होती. मुंबईला बेस्टच्या गाड्या १९२६ पासून होत्या आणि पुणे, सोलापूर, कोल्हापूर इथे त्यांच्या पालिकांची सेवा होती. पण नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सांगली-मिरज, रत्नागिरी अशा ठिकाणी शहराची बस म्हणजे एसटीच. ही सेवा सहसा तोट्यात असायची. कायद्याने ती जबाबदारी पालिकेची, पण पालिका हात वर करायच्या आणि लोकांना चालत पाठवता येत नाही म्हणून एसटी ती ओढत राहिली. गेल्या काही वर्षांत चित्र बदललं. आताच्या छत्रपती संभाजीनगरात २०१९ मध्ये आणि नाशिकमध्ये २०२१ मध्ये तिथल्या पालिकांनी आपापली शहर बससेवा सुरू केली. पालिकेने जबाबदारी घेतली हे मला योग्यच वाटतं. शहरातल्या पाच किलोमीटरच्या फेरीचा तोटा दुर्गम तालुक्यातल्या प्रवाशाच्या तिकिटातून भरून काढणं न्याय्य नव्हतं.

आणि जादा गाड्या. आषाढीला पंढरपूर, गणपतीला कोकण. या दोन्ही वेळी एसटी पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या काढते. एवढ्या गाड्या येतात कुठून? वेगळ्या ठेवलेल्या नसतातच. राज्यभरातल्या आगारांतून रोजच्या फेऱ्यांच्या गाड्या काढून दिल्या जातात. ‘गाड्या पंढरपूरला गेल्यात’ असं त्या आठवड्यात कंट्रोलर खिडकीतून सांगतो ते खरं असतं. जत्रेला गेलेली गाडी भरून जाते आणि भरून येते, म्हणून त्या चार-आठ दिवसांच्या उत्पन्नाकडे आगार डोळे लावून बसलेलं असतं. पण ज्या गावातून वारीला कुणी गेलेलं नाही तिथल्या माणसाची सकाळची फेरी तेवढे दिवस रद्द असते. हा समतोल आगारप्रमुखाला दरवर्षी साधावा लागतो.

रात्रीची सेवाही हळूहळूच आली. एसटीने रात्री काही अंतर गाडी चालवायला सुरुवात केली ती १९६८ मध्ये. रात्रभर धावणारी रातराणी त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. पुढे १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी हिरव्या-पांढऱ्या निमआराम गाड्या आल्या आणि लोकांनी त्यांना कायमचं ‘एशियाड’ करून टाकलं. २००२ मध्ये दादर-पुणे मार्गावर वातानुकूलित शिवनेरी आली. या सगळ्या गाड्यांचं काम प्रवाशाला आराम देणं एवढंच नव्हतं. मागच्या हिशोबातली नफ्याची बाजू सांभाळणं हे त्यांचं खरं काम होतं.

गळती कुठून लागली

वर सांगितलेला करार दोन्ही टोकांकडून उसवला.

गावाच्या टोकाला वडाप आलं. आमच्याकडे सातारा-सांगली-कोल्हापुरात ‘वडाप’, विदर्भ-मराठवाड्यात ‘काळीपिवळी’. जीप, सहा आसनी रिक्षा, टमटम. ती एसटीच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी थांब्यावर येते, मोठ्या गावापर्यंतची माणसं उचलते आणि निघून जाते. आपल्या उदाहरणातले बारा किलोमीटरवर उतरणारे ते १० जण आठवा. ते वडापमध्ये बसले की एसटीकडे शेवटच्या गावाचे तेवढे उरतात. वडाप तिथपर्यंत जात नाही, कारण परतीला माणूस मिळत नाही. वडापवाल्याला दोष द्यायचा माझा हेतू नाही. गावच्या पोराला मिळालेला तो रोजगार आहे, आणि एसटी बिघडली की माणसं घरी पोचतात ती त्याच्याच जिवावर. पण त्याने मार्गाचा गर तेवढा घेतला आणि साल एसटीकडे राहिली, हेही खरं आहे.

दुसऱ्या टोकाला खासगी आरामबस आली. कायद्यात तिला कंत्राटी वाहतुकीचा परवाना मिळतो. म्हणजे एका गटाने पूर्ण गाडी ठरवायची, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं, वाटेत प्रवासी घ्यायचे-सोडायचे नाहीत आणि सुटं तिकीट द्यायचं नाही. लग्नाचं वऱ्हाड किंवा सहलीची गाडी हे त्याचं सरळ उदाहरण. प्रत्यक्षात पुण्या-मुंबईच्या कोणत्याही मोठ्या चौकात संध्याकाळी उभं राहिलं की सुटी तिकिटं, ठरलेले थांबे, रोजची वेळ, सगळं टप्पा वाहतुकीसारखंच चाललेलं दिसतं. फरक इतकाच की या गाडीवर पाच माणसांच्या गावाला जायची जबाबदारी नाही. लांब पल्ल्याचा, भरून धावणारा, पैसे मिळवून देणारा प्रवासी असा मोठ्या प्रमाणात एसटीच्या हातून गेला. मक्तेदारी कागदावर राहिली आणि जबाबदारी मात्र रस्त्यावर जशीच्या तशी राहिली.

यात भर पडली मोटारसायकलची, मग करोनाची. आणि मग तो संप. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेलं आंदोलन, महामंडळाचं शासनात विलीनीकरण करा, या मागणीवर पुढचे जवळजवळ सहा महिने चाललं. मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं तेव्हा ते मिटलं. सरकारी कर्मचाऱ्याइतकंच काम, पण पगार आणि खात्री कमी, हे कर्मचाऱ्यांचं दुःख खरं होतं. त्याच सहा महिन्यांत गावोगावच्या लोकांनी दुसरी सोय शोधली, हेही खरं होतं. एकदा मोटारसायकलचा हप्ता सुरू झाला की माणूस पासाकडे सहज परतत नाही.

आता पैसे कोण भरतं

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट. या सवलतींची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतं. गाड्या पुन्हा भरू लागल्या. दुपारच्या फेरीला माहेरी, दवाखान्यात, बाजाराला निघालेल्या बायका दिसू लागल्या. ज्या बाईला तालुक्याला जायचं म्हणजे घरात कुणाकडे तरी पैसे मागावे लागत, तिचा प्रवास आता तिच्या हातात आला. माझ्या दृष्टीने हे भारमानाहून मोठं आहे.

हिशोबाच्या बाजूने मात्र एक मोठा बदल झाला आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं आहे. आधी मुंबईचा प्रवासी डोंगरातल्या प्रवाशाचा खर्च उचलत होता, आणि तो महामंडळाच्या आतल्या आत मिटत होता. आता तो मोठ्या अंशाने सरकारी तिजोरीतून येतो. तिथून पैसे वेळेवर आले तर डिझेल वेळेवर, पगार वेळेवर. उशिरा आले की सगळं लांबतं. शिवाय ही भरपाई मिळते ती तिकिटावर, म्हणजे प्रवासी बसला तर. गाडी रिकामी असतानाही ती गावाला गेली पाहिजे, याचे वेगळे पैसे महामंडळाला मिळत नाहीत. युरोपातल्या बऱ्याच देशांत अशा सेवेसाठी करार असतो. अमुक गावाला दिवसातून इतक्या फेऱ्या द्या, त्याचे किलोमीटरमागे इतके घ्या. आपल्याकडे कलम १८ मधला ‘पुरेशी’ हा शब्द अजून कुणी रुपयांत मांडलेला नाही. तो मांडला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. जिल्हा नियोजनाच्या पैशातून रस्ते होतात, समाजमंदिरं होतात, तर मग एका गावाच्या रोजच्या दोन फेऱ्या का होऊ नयेत?

तोवर निर्णय आगारातच होतात, आणि ते गाड्यांच्या संख्येवर होतात. जुन्या गाड्या भंगारात जात होत्या आणि त्या वेगाने नव्या येत नव्हत्या, म्हणून ताफा आकसला. पंधरा गाड्यांची शेड्यूल बारा गाड्यांत बसवायची वेळ आली की कंट्रोलरचा हात आधी जातो तो शेवटच्या गावाच्या फेरीवर. २०२५ पासून २,६४० नव्या साध्या लालपरी ताफ्यात यायला लागल्या आहेत. स्वतःच्या मालकीच्या नव्या साध्या गाड्यांची इतकी मोठी भर बऱ्याच वर्षांनी पडते आहे.

दुसरीकडे वीजगाड्या येत आहेत. १ जून २०२२ रोजी पहिली ‘शिवाई’ पुणे-नगर मार्गावर धावली, ज्या मार्गावर १९४८ ची बेडफर्ड धावली होती त्याच. या मार्गाला ती शोभते. अंतर ठरलेलं, दोन्ही टोकांना चार्जिंगची सोय करता येते, प्रवासी भरपूर. मुक्कामी गाडीला मात्र अजून हा बदल झेपणारा नाही. ती रात्री जिथे उभी राहते तिथे देवळासमोरचा एक दिवा असतो आणि पावसाळ्यात तोही जातो. तिथे बसचा चार्जर बसवायचा तर आधी गावापर्यंत वेगळी वीजवाहिनी न्यावी लागेल. नाहीतर गाडीला रात्री आगारात परत यावं लागेल, म्हणजे ४८ किलोमीटर रिकामं येणं आणि पहाटे ४८ किलोमीटर रिकामं जाणं. मुक्काम ज्या खर्चातून वाचवत होता तोच खर्च. त्यामुळे आगारात नवी डिझेलची गाडी आली की ती आधी कुठल्या शेड्यूलला लागते, लांब पल्ल्याच्या की मुक्कामाच्या, हे मी हल्ली स्टँडवर गेलो की कंट्रोलरला विचारतो.